एका पलंगाची आणि एका गल्लीची पदवी

आमच्या कॉलेजचे अध्यक्ष मुळात रेडिओ दुरुस्त करणारे. भाईंदर पूर्वेला स्टेशनजवळ त्यांचं छोटं दुकान होतं. दुकान वाढलं, मग इमारती झाल्या. पत्नीच्या लांबलेल्या आजारपणात नर्सेसनी जे केलं ते पाहून त्यांनी एका इमारतीत नर्सिंग कॉलेज काढलं. माणूस दिलदार, पण कुठलीही गोष्ट समजून घ्यायची तर ती आधी रेडिओत बसवून पाहायची, ही त्यांची सवय. त्यामुळे एका सकाळी मला केबिनमध्ये बोलावून ते म्हणाले, "मॅडम, अपने को टू-इन-वन निकालना है," तेव्हा मला वाटलं, दुकान पुन्हा उघडतायत.

"कसलं टू-इन-वन, साहेब?"

"डिग्री! एक नर्सिंग का मास्टर, एक पब्लिक हेल्थ का मास्टर. लडकी एक, डिग्री दो. रेडिओ पण वाजेल, कॅसेट पण वाजेल."

ते घरी गुजराती बोलतात, बाहेर हिंदी, आणि आमच्याशी बोलताना आमचा मान राखायचा म्हणून मधेमधे मराठी पेरतात. मी तेव्हा उपप्राचार्य होते. वॉर्डात आणि वर्गात मिळून माझं निम्मं आयुष्य गेलेलं. मी म्हटलं, "साहेब, दोन वर्षं नर्सिंगची, दोन वर्षं सार्वजनिक आरोग्याची. चार वर्षं कोण शिकेल? मुली नोकऱ्या करतात, संसार करतात."

"तो तीन में बिठाओ," ते म्हणाले, आणि एखादा पार्ट उलटा फिरवला की बसतो, तसा हाताने अभिनय केला.

माझ्या जोडीला त्यांनी एक डॉक्टर दिले. हे डॉक्टर स्टेथोस्कोपवाले नव्हेत. उमर गेली ती रोगांच्या साथींमागे गावोगाव फिरण्यात. निवृत्त झाल्यावर मीरा रोडला मुलाकडे राहायला आले आणि घरी बसून सुनेच्या स्वयंपाकघरातल्या पाण्याची तपासणी करू लागले, म्हणून मुलानेच त्यांना आमच्याकडे आणून सोडलं, असं ते स्वतः सांगायचे. आम्ही त्यांना सर म्हणायचो. ते मला सिस्टर म्हणायचे. माझी पीएचडी झाली आहे हे त्यांना ठाऊक होतं, आणि ठाऊक असूनच म्हणायचे.

पहिल्याच बैठकीत जुंपली. चार वर्षांचं शिक्षण तीन वर्षांत बसवायचं म्हणजे वर्षभराचं काहीतरी काढून टाकायचं. काय काढायचं यावर सरांचं उत्तर तयार होतं.

"सोपं आहे, सिस्टर. वॉर्डातले तास काढा. चादरी घालायला मास्टर्स कशाला हवी?"

एमएससीला कुणी चादरी घालायला शिकत नाही. ते पहिल्या वर्षाच्या मुलींचं काम. एमएससीच्या मुली अतिदक्षता विभागात माणसं जगवायला शिकतात. पण वॉर्ड म्हटलं की सरांना चादरच आठवायची.

मी म्हटलं, "त्यापेक्षा तुमचे सर्व्हे काढूया. दारोदार फिरून कागद भरायला काय लागतं? आमच्या जेसल पार्कात पाण्याचे फिल्टर विकणारी पोरंही तेच करतात."

सरांनी चष्मा काढून पुसला. चष्मा पुसला की समजायचं, बाण लागला.

गंमत म्हणजे खरी अडचण वॉर्डाची नव्हती, की सर्व्हेचीही नव्हती. साथरोगशास्त्र आणि संख्याशास्त्र हे विषय दोन्ही अभ्यासक्रमांत होतेच. ते एकदाच शिकवले असते तर बराच वेळ सुटला असता. पण एकदाच शिकवायचे म्हणजे कुणाचे? ते म्हणायचे, आमचं साथरोगशास्त्र खरं, तुमचं म्हणजे पातळ केलेलं. मी म्हणायची, तुमच्यात आकडे असतात, माणूस नसतो. फळ्यावरचा तक्ता रोज पुसला जायचा आणि रोज तिथेच अडायचा. अध्यक्ष दारातून डोकावून विचारायचे, "टू-इन-वन बजा क्या?" आणि आमचे चेहरे पाहून हळूच दार ओढून घ्यायचे.

शेवटी एका दुपारी मी वैतागून म्हटलं, "सर, पैज लावूया. तुम्ही पेशंट पलंगावर असताना चादर बदलून दाखवा. जमलं तर वॉर्डातले तुम्ही म्हणाल तेवढे तास कमी करते."

"आणि तुम्ही माझा एक सर्व्हे करायचा. गोडदेवातली एक गल्ली देतो. जमलं तर मी सर्व्हेचे तास कमी करतो."

"ठरलं."

"ठरलं, सिस्टर."

आता इथे सांगायला हवं की परीक्षा घेणाऱ्याने परीक्षा प्रामाणिकपणे घ्यावी असं आमच्यात कुठेच ठरलं नव्हतं. आमच्या प्रयोगशाळेत सरावासाठी प्लास्टिकचा एक पेशंट असतो. त्याचा एक हात दुरुस्तीला गेला होता, हे खरं. एका हातानेही तो पलंगावर पडून राहू शकला असता, हे मात्र मी सरांना सांगितलं नाही. मी अध्यक्षांकडे गेले.

"साहेब, पेशंट व्हाल का? थोडा वेळ."

"मैं? क्या करना पडेगा?"

"झोपायचं. पण शहाण्या पेशंटसारखं नाही. तुमचे थोरले काका दवाखान्यात होते ना, तसं."

त्या काकांनी एकेका नर्सला कसं रडवलं होतं हे अध्यक्ष नेहमी सांगायचे. त्यांचे डोळे चमकले. "समझ गया," ते म्हणाले आणि बूट काढायला लागले.

सर प्रयोगशाळेत आले तर पलंगावर सफारी सूट घालून, छातीवर हात ठेवून, संस्थेचे अध्यक्ष पडलेले. बाजूला परीक्षक म्हणून दुसऱ्या वर्षाच्या दोन मुली उभ्या. मुलींचे चेहरे इतके गंभीर की त्यांनी गाल आतून चावून धरले असणार. सरांनी माझ्याकडे पाहिलं. मी खिडकीबाहेर पाहिलं.

"सुरू करतो," म्हणून सरांनी चादरीला हात घातला.

"सर," एक मुलगी अदबीने म्हणाली, "हात?"

हात धुवायचे राहिले होते. हात धुण्यावर ज्यांनी गावोगाव भाषणं दिली, त्यांचेच. सर कान लाल करून बेसिनकडे गेले आणि आले.

या कामाची रीत अशी, की आधी पलीकडच्या बाजूचा कठडा वर करायचा, मग पेशंटला हलकेच त्या बाजूला कुशीवर वळवायचं. मळकी चादर त्याच्या पाठीपर्यंत गुंडाळायची, तिथे नवी अर्धी पसरायची, मग पेशंटला त्या गुंडाळीवरून अलीकडे वळवायचं आणि पलीकडून जुनी काढून नवी ओढून घ्यायची. पेशंट उघडा पडता कामा नये, घाबरता कामा नये, आणि पडता तर मुळीच कामा नये. सरांनी कठड्याकडे न बघता अध्यक्षांना ढकललं.

"अरे, गिर रहा हूँ!" अध्यक्ष ओरडले. हा अभिनय नव्हता. दोन्ही मुली झेपावल्या आणि त्यांनी संस्थेचा आधारस्तंभ काठावरच सावरला.

तिथून पुढे अध्यक्षांना रंग चढला आणि ते सरांनाच सिस्टर म्हणू लागले. "सिस्टर, पंखा तेज करो." पंखा वाढवला. "अब ठंड लग रही है." सर एका हाताने चादर आणि एका हाताने रेग्युलेटर सांभाळत होते. "सिस्टर, पानी." पाणी दिलं. मग नाटकाच्या ऐन भरात अध्यक्षांनी डोळे मिटून क्षीण आवाजात बेडपॅन मागितलं. एक मुलगी तोंडावर रुमाल दाबून बाहेर पळाली.

सरांनी शेवटी जोर लावून चादर ओढली. झालं असं की जुनी चादर तशीच खाली राहिली आणि नवी अध्यक्षांच्या भोवती गुंडाळली गेली. आतून अध्यक्षांचं डोकं तेवढं बाहेर आलं. "डॉक्टर साहब," ते हात जोडून म्हणाले, "मैं ठीक हो गया. मुझे छुट्टी दे दो."

सगळे हसले. सरही हसले, पण मग स्टुलावर बसले. मुली गेल्यावर म्हणाले, "आयुष्यभर मी माणसं मोजली. असं कुणाला कुशीवर वळवलं नाही कधी. केवढा जड असतो हो माणूस." मी चिडवायचं ठरवून आले होते. ते मनातच राहिलं.

पण दुसरी परीक्षा माझी होती, आणि सर काही मऊ पडले नव्हते.

गोडदेव म्हणजे जुनं गाव. आता चारी बाजूंनी इमारती चढल्यात, पण मध्ये अजून बैठी घरं, चिंचोळ्या गल्ल्या आणि दारात बसलेल्या म्हाताऱ्या आहेत. सरांनी काम दिलं ते असं. एका टोकाच्या इमारतीपासून सुरुवात करायची आणि गल्लीतलं एकेक घर घ्यायचं, मधलं एकही गाळायचं नाही. घरात कुणाला ताप आहे का विचारायचं आणि साठवलेल्या पाण्यात डासांच्या अळ्या आहेत का ते डोळ्यांनी बघायचं. दोन आठवड्यांमागे तिथे डेंग्यूची कुणकुण लागली होती.

मी सकाळी पिशवी, टॉर्च आणि कागद घेऊन गेले. इमारतीच्या फाटकातच वॉचमनने अडवलं आणि सोसायटीच्या सेक्रेटरींना बोलावलं. ते बनियनवर आले.

"क्या बेच रहे हो?"

"काही विकत नाहीये. डेंग्यूचा सर्व्हे."

"हां हां, सब यही बोलते हैं. पिछली बार सर्व्हे बोलके पानी का मशीन गले में बांध के गया एक. आयडी? लेटर? लेटरपे सिक्का?"

सगळं दाखवलं. ते सिक्का उजेडात धरून बघत राहिले. मग म्हणाले, कमिटीची मीटिंग रविवारी असते, तिथे मांडतो. मी रागाने लाल होऊन इमारत सोडली आणि बैठ्या घरांकडे वळले.

पहिल्याच घराच्या पायरीवर एक आजी बसली होती. मी विचारलं, "आजी, घरात कुणाला ताप आहे का?"

"ताप न्हाय गो बाय. पन हा पाय बघ."

मी पाय बघितला आणि माझा सर्व्हे तिथेच संपला. टाचेला जखम, कडा काळवंडलेल्या, आणि आजीला साखरेचा आजार. मी पिशवी उघडली. सर्व्हेला जाताना ड्रेसिंगचं सामान नेऊ नका असं सरांनी सांगितलं नव्हतं. जखम धुतली, पट्टी केली, सुनेला बसवून दाखवलं, आजच दवाखान्यात न्यायला सांगितलं, चप्पल कुठली घालायची तेही सांगितलं. सुनेने चहा दिला. आजीने आपल्या नवऱ्याच्या मरणापासून नातवाच्या लग्नापर्यंत सगळं ऐकवलं. सुनेने जेवायला बसवलं. मी उठले तेव्हा दुपार कलली होती आणि मी अतिशय समाधानी होते.

सर गल्लीच्या तोंडाशी वाट बघत होते. "किती घरं झाली?"

"एक," मी ताठ मानेने म्हटलं. "पण बाईचा पाय वाचला."

सर मला घेऊन आजीच्याच घराच्या मागच्या बाजूला गेले. मी जिथे बसून जेवले त्या भिंतीला लागून एक निळं पिंप होतं. सरांनी झाकण सरकवून टॉर्च मारला. पाणी नुसतं वळवळत होतं. मग शेजारच्या दारावर टकटक केली. आत दोन मुलं तापाने फणफणून पडलेली. त्यांची आई म्हणाली, "मैडम तो सुबह से बाजू में बैठी थी. मुझे लगा रिश्तेदार हैं."

 एक पाय वाचवताना मी भिंतीपलीकडचं बघितलंच नव्हतं. मुलांना तपासून, आईला घेऊन आम्ही दवाखान्याची व्यवस्था केली, पिंप उपडं केलं. सर सगळ्या घरांतून भराभर फिरले, आणि मी त्यांच्या मागे कागद भरत गेले. तेव्हा कळलं, दार कसं वाजवायचं, उंबऱ्याच्या कुठे थांबायचं, पहिलं वाक्य काय बोलायचं, हे काही फिल्टर विकणाऱ्यांचं काम नव्हे.

परतताना पुन्हा आजीच्या पायरीपाशी आलो. आजीने सरांना पाहिलं आणि मला म्हणाली, "हा चस्मेवाला मागच्या हप्त्यात आलेला. बाजूच्या पिंपान वाकून बघला, मना तापाचा इचारला, नि गेला. मी पाय म्होरं केलेला, पन त्यानं बघला बी न्हाय."

सरांनी चष्मा पुसायला काढला. मी शांतपणे विचारलं, "सर, मागच्या आठवड्यात आला होता? म्हणजे पिंपाचं तुम्हाला आधीच ठाऊक होतं?"

"ते पिंप पलीकडचं होतं. तेव्हाच रिकामं करून घेतलं," सर चाचरले. "हे नवीन आहे."

"आणि ते सेक्रेटरी? सिक्का उजेडात बघणारे?"

सर आकाशाकडे बघू लागले. मग हळूच म्हणाले, "माझ्या सकाळच्या फिरण्यातले मित्र आहेत. मी फक्त म्हटलं, एक बाई येतील, लगेच सोडू नका."

मला हसू आवरलं नाही. मग मीही अध्यक्षांच्या काकांची गोष्ट सांगितली, आणि प्लास्टिकच्या पेशंटचा हातही. नाक्यावरच्या टपरीवर उभे राहून आम्ही चहा प्यायलो. दोघेही नापास, दोघांनीही लबाडी केलेली. एवढ्या बरोबरीने बोलायला आम्ही आधी कधी बसलोच नव्हतो.

अभ्यासक्रम त्या टपरीवर ठरला. साथरोगशास्त्र एकदाच शिकवायचं, पण दोघांनी एकाच वर्गात उभं राहून. सर गल्ली सांगणार, मी पलंग सांगणार, आणि मुलींसमोर भांडण झालं तर होऊ द्यायचं. वॉर्डातले तास कमी करायचे नाहीत, सर्व्हेचेही नाहीत. जे दोनदा होतं ते काढायचं. आणि शेवटच्या वर्षी प्रत्येकीने एकच पेशंट निवडायचा, त्याची शुश्रूषा करायची, आणि त्याच्या दुखण्याचा माग काढत त्याच्या घरापर्यंत, गल्लीपर्यंत जायचं. तिथे सापडेल ते बदलून दाखवायचं. सर म्हणाले, "पेशंटला सोडायचंही नाही, आणि त्याच्याजवळ जेवत बसायचंही नाही." मी म्हटलं, "आणि पाय पुढे केला तर बघायचा."

मंजुरीसाठी विद्यापीठाची समिती आली तेव्हा आम्ही आणखी एक खोडी केली. वॉर्डातल्या तासांची बाजू सरांनी मांडायची आणि संख्याशास्त्राची मी. सर असे तळमळून बोलले, पेशंटला कुशीवर वळवताना कठडा आधी का वर करायचा हेही त्यांनी सांगितलं, की समितीतल्या एका बाईंनी कौतुकाने विचारलं, "सर, आपण पुरुष असून नर्सिंगकडे कसे वळलात?"

"प्रॅक्टिकलला नापास आहे," सर म्हणाले, "पण अर्धा वळलोय."

समितीच्या प्रमुखांना हे रुचलं नाही. त्यांनी पेन आपटून विचारलं, "ते ठीक आहे, पण ही मुलगी शेवटी होणार कोण? नर्स की अधिकारी? नोकरी कुणाच्या हाताखाली करणार?" हा प्रश्न खरा होता आणि त्याचं पुरतं उत्तर आमच्याकडे नव्हतं.  तेवढ्यात कोपऱ्यातून अध्यक्षांनी तोंड उघडलं. रेडिओ येणार म्हणून मी डोळे मिटले.

पण ते म्हणाले, "साहब, मेरी वाइफ को अस्पताल में बहुत अच्छा संभाला. घर आयी, तो घर में कोई देखने वाला नहीं था कि वो बार-बार बीमार क्यों पडती है. दोनों जगह एक ही आदमी चाहिए था. बस."

 मंजुरी मिळाली. अट एवढीच, की पदवीचं नाव लांबलचक आहे, ते छोटं करा.

पहिल्या तुकडीत उत्तनची एक मुलगी होती. घर मासेमारीवालं, चर्चच्या मागेच. एका खासगी रुग्णालयात नोकरी करत शिकत होती. तिने पेशंट म्हणून निवडली एक बाई, जिचा हात माशाचा काटा लागून पिकला होता. हात बरा केला आणि मग ती त्या बाईच्या मागोमाग बोंबील सुकवायच्या जागेवर गेली. तिथे कितीतरी बायकांचे हात तसेच, आणि धुवायला जवळपास गोडं पाणी नाही. तिने सरांसारखं मोजलं, माझ्यासारखी पट्टी केली, आणि मग आम्ही दोघांनीही न शिकवलेलं केलं. बायकांना घेऊन थेट नगरसेवकाच्या दारात जाऊन बसली. नळ आला. साबण बायकांनी स्वतः आणला.

त्या आनंदात बायकांनी कॉलेजसाठी सुके बोंबील पाठवले. मोठं गाठोडं. ती मुलगी ते माझ्या टेबलावर ठेवून घाईने ड्युटीला गेली. थोड्याच वेळात सगळा मजला दरवळला. सर गाठोड्यावर वाकून डोळे मिटून वास घेत होते, तोच अध्यक्ष दारात. शुद्ध शाकाहारी, कांदाही न खाणारे. त्यांनी रुमाल नाकाला लावला.

"ये क्या है?"

"सार्वजनिक आरोग्य, साहेब," सर म्हणाले.

 उत्तनच्या नळाची सगळी हकीकत अध्यक्षांनी उभ्यानेच, रुमालाआडून ऐकून घेतली. ऐकून झाल्यावर मान डोलावली, शिपायाला हाक मारली आणि अख्खा अगरबत्तीचा पुडा पेटवायला सांगितला. तो धूर आणि तो वास मिळून जे काही झालं, त्यात बसून आम्ही दुसऱ्या तुकडीचं वेळापत्रक लिहिलं.